युद्धपटांतील कमांडो आणि साधा जवान

निवडक सैनिकदलांचे चित्रण युद्धपटांत दोन प्रकारे होते. एकात कमांडो कसा घडतो हे दाखविले जाते, दुसऱ्यात तो काय साधतो हे. नाना पाटेकर दिग्दर्शित 'प्रहार' (१९९१) हा पहिल्या प्रकारचा होय. त्यातील मेजर चव्हाण आपल्या शिष्यांना निष्ठुरपणे घडवितो. परंतु पाय गमावून मुंबईस परतलेला पीटर खंडणीखोरांकडून मारला जातो, तेव्हा त्या शिक्षणाची नागरी जीवनातील मर्यादा उघडी पडते. शेवटी मात्र सर्व समाजानेच सैनिकी वृत्ती अंगीकारावी असे सुचवून चित्रपट स्वतः उपस्थित केलेला प्रश्न टाळतो.

आदित्य धर यांच्या 'उरी'त हा प्रश्नच उद्भवत नाही. १८ सप्टेंबर २०१६ रोजी तळावर मारले गेलेले जवान तेथे विशेष दलाच्या पराक्रमास निमित्तमात्र ठरतात.

हा चित्रपट ११ जानेवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला. १४ फेब्रुवारीस पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मृत्युमुखी पडले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील दोघे होते. ते कोणत्याही धाडसी मोहिमेवर नव्हते, वाहनांच्या ताफ्यातून प्रवास करीत होते. अशा मरणात प्रतिकाराची संधी नसते. म्हणूनच पराक्रमावर उभ्या असलेल्या कथानकात त्यास स्थान मिळत नाही.

निवडक दलांचे शौर्य निर्विवाद आहे. तथापि बुलढाण्यातील खेड्यांतून या दलांत जाणारा तरुण बहुधा कमांडो होत नाही. पहारा, प्रवास आणि प्रतीक्षा हेच त्याचे युद्ध. या दोन्ही चित्रपटांत ते दिसत नाही, हे त्यांचे खरे न्यून होय.