टॉमस अँड ब्यूला

अमेरिकन कवयित्री रीटा डव्ह (२८ ऑगस्ट १९५२– ) हिचा काव्यसंग्रह. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला व १९८७ चे पुलिट्झर पारितोषिक त्याला लाभले. कवितेसाठी हा बहुमान मिळविणाऱ्या कृष्णवर्णीयांत ग्वेंडोलिन ब्रुक्सनंतर (१९५०) डव्हचाच क्रम लागतो. डव्हचा जन्म ओहायओ राज्यातील ॲक्रन ह्या रबर-उद्योगाच्या शहरी झाला. तिच्या आईच्या मातापित्यांचे जीवन हा ह्या संग्रहाचा विषय. आजीचे नाव मात्र तिने बदलून घेतले आहे.

संग्रहात ४४ कविता आहेत. ‘मँडोलिन’ ह्या पहिल्या भागातील २३ कविता टॉमसच्या बाजूने, तर ‘कॅनरी इन ब्लूम’ ह्या दुसऱ्या भागातील २१ कविता ब्यूलाच्या बाजूने लिहिलेल्या आहेत. त्या क्रमाने वाचाव्यात, अशी सूचना आरंभीच दिलेली आहे. टॉमस १९०० मध्ये टेनेसीत जन्मतो, १९१९ मध्ये घर सोडून नदीतील बोटींवर गात-वाजवीत हिंडतो आणि १९२१ मध्ये ॲक्रनला पोहोचतो. ब्यूला जॉर्जियाची, ती बालपणीच आईवडिलांबरोबर ॲक्रनला आलेली असते. १९२४ मध्ये दोघांचा विवाह होतो. पुढे चार मुली, मंदीची वर्षे, युद्धकाळातील कारखान्याची नोकरी, नातवंडे. १९६३ मध्ये टॉमसचा आणि १९६९ मध्ये ब्यूलाचा मृत्यू. कथानक म्हणावे असे ह्याहून अधिक काही नाही.

सारे लक्ष वेधते ते ह्या दोन बाजूंमधील अंतर. ‘द इव्हेंट’ ह्या पहिल्याच कवितेत दारूच्या नशेत टॉमस आपला मित्र लेम ह्याला नदीतील बेटापर्यंत पोहत जाण्याचे आव्हान देतो. लेम उडी घेतो आणि बुडतो. मागे उरतात त्याचे कपडे व मँडोलिन. हे वाद्य टॉमस जन्मभर सांभाळतो. वाद्य आणि अपराधाची जाणीव ही त्याच्या लेखी एकच वस्तू होऊन बसते. ‘टॉमस ॲट द व्हील’ ह्या त्याच्या अखेरच्या कवितेत औषधाच्या दुकानासमोर मोटारीत त्याला मृत्यू गाठतो, तेव्हाही त्याला भोवती पाणीच भरत असल्याचा भास होतो. ब्यूलाच्या भागात लेमच्या मृत्यूला जवळजवळ जागाच नाही. टॉमसचे अवघे आयुष्य ज्या एका घटनेने घडविले, तिचे ओझे पत्नीच्या अनुभवाबाहेरच राहते. प्रियाराधनाच्या प्रसंगी हीच गोष्ट हलक्याफुलक्या रीतीने दिसते. टॉमस आपल्या गळ्यातील पिवळा रेशमी रुमाल ब्यूलाच्या खांद्यांवर टाकतो. त्याच वेळी त्याच्या डोळ्यात चिलट जाते आणि तिला वाटते, तो रडतो आहे. दुसऱ्या भागात तोच रुमाल परत येतो, पण ब्यूलाला तो भडक वाटतो, मँडोलिनचा आवाज खोक्याच्या वाद्यासारखा क्षुद्र वाटतो. तिला पियानोलाची हौस असते. एकमेकांविषयीच्या गैरसमजावर उभा राहिलेला हा संसार तरीही निष्फळ नाही. ‘कंपनी’ ह्या कवितेत मरणशय्येवरील पतीजवळ ती त्याची कबुली देते.

दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या महास्थलांतराची (१९१०–७०, सु. ६० लाख लोक) पार्श्वभूमी संग्रहाला आहे. तथापि हे परिवर्तन डव्हने मोठ्या आवाजात कोठेही घोषित केलेले नाही. अनोळखी लोकांबरोबर पाळीपाळीने वापरायची झोपण्याची गादी, मंदीत हातची गेलेली मोटार, कोळशाच्या कंपनीत केलेली झाडलोट, अशा तपशिलांतून खेड्यातील माणूस औद्योगिक शहराचा कसा होत गेला, ते कळते. ‘वन व्हॉल्यूम मिसिंग’ ह्या कवितेत टॉमस स्वस्तात एक जुना विश्वकोश विकत घेतो. त्याचा अखेरचा खंड गहाळ असतो. ज्ञानाची ओढ आणि ते अपुरेच पदरी पडणे, ह्यांचे इतके नेमके चित्र विश्वकोशाच्या वाचकांना अन्यत्र क्वचितच आढळेल.

दुसरा भाग पहिल्याहून सरस उतरला आहे. टॉमसच्या वाट्याला निदान एक दुर्घटना तरी आली. ब्यूलाच्या आयुष्यात काहीच ‘घडत’ नाही आणि नेमके तेच शब्दांत पकडणे अवघड असते. ‘डस्टिंग’मध्ये धूळ पुसता पुसता तिला तरुणपणी जत्रेत भेटलेल्या एका मुलाचे विसरलेले नाव आठवते, ‘डेस्टार’मध्ये मुली झोपल्या असता ती गॅरेजच्या मागे खुर्ची टाकून घटकाभर कोणाचीच नसल्यासारखी बसते. पॅरिसला जाण्याचे तिचे स्वप्न पुढे कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला इस्त्री करताना फ्रेंच राजवाड्यांच्या वाचनावर येऊन थांबते. ‘विंगफुट लेक’मध्ये १९६४ सालच्या कंपनीच्या सहलीत गोऱ्यांचा व काळ्यांचा घोळका वेगळा बसलेला ती पाहते. मुली स्वतःला ज्या नव्या नावाने ओळखतात, ते तिला आपले वाटत नाही. सामाजिक बदल आणि तो जगणाऱ्या पिढीचे बावरलेपण ह्यांची सांगड येथे अत्यंत संयमाने घातली आहे.

१९६०–७० च्या दशकांतील ब्लॅक आर्ट्‌स चळवळीच्या आवेशपूर्ण कवितेपुढे हा संयम काहींना थंड वाटेल. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. काही कविता इतक्या मितभाषी आहेत, की संग्रहाच्या शेवटी दिलेल्या कालपटाचा आधार घेतल्यावाचून त्या पुरत्या उलगडत नाहीत. पण जे लोक कोणत्याही इतिहासग्रंथात नाहीत, त्यांच्याविषयी आवेशाने लिहिले, की ते लोक नाहीसे होऊन प्रतीके तेवढी उरतात. हा धोका डव्हने टाळला आहे. कालपटातही मुलींचे जन्म, नव्या मोटारीची खरेदी, झेपेलिनच्या कारखान्याची उभारणी आणि वॉशिंग्टनवरील मोर्चा (१९६३) एकाच ओळीत उभे केलेले आहेत. टॉमसचा मृत्यू त्या मोर्चाच्या आधीचा.

डव्ह १९९३ ते १९९५ ह्या काळात अमेरिकेची पोएट लॉरिएट होती. मदर लव्ह (१९९५) ह्या संग्रहात डीमीटर व पर्सेफनी ह्यांच्या ग्रीक पुराणकथेच्या आधारे ती आई व मुलगी ह्या नात्याकडे वळली. ब्यूलाला कधीच न दिसलेले पॅरिस तेथे मुलीच्या अधोलोकाचे स्थळ झाले आहे. सुनीताच्या बंधाशी डव्हने केलेले प्रयोगही त्याच संग्रहात आढळतात.