गळाचीं दोन टोकें

इसवी सन १६५३ सालीं लंडन येथें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचा कर्ता कोणी पंडित नव्हता, दरबारी नव्हता, कीं विद्यापीठाचा पदवीधरहि नव्हता. दुकानदारींतून निवृत्त होऊन साठीच्या उंबरठ्यावर आलेला तो एक व्यापारी होता. पुस्तकाचा विषय तर त्याहूनहि सामान्य: नदीकांठीं बसून गळानें मासे कसे धरावे. ह्या गोष्टीस आतां पावणेचारशें वर्षें होत आलीं. त्या काळचे धर्मवादावरील जाडे ग्रंथ फडताळांत धूळ खात पडले आहेत, आणि आयझाक वॉल्टनचा ‘दि कम्प्लीट अँग्लर’ मात्र शेंकडों वेळां पुन्हां छापला गेला आहे. विशेष हें कीं, ज्यांनीं जन्मांत कधीं गळ हातीं धरला नाहीं, अशा वाचकांनींच तो अधिक प्रेमानें वाचला. चार्ल्स लॅम्ब हा पक्का शहरी मनुष्य. पण १७९६ सालीं कोलरिजला लिहिलेल्या पत्रांत त्यानें ह्या पुस्तकाची मोठ्या जिव्हाळ्यानें शिफारस केली आहे.

मीं स्वतः ह्या पुस्तकांतील निवडक भाग बी. ए.च्या वर्गास अनेक वर्षें शिकविला. शिकवितांना ‘शांति’, ‘प्रसन्नता’, ‘निर्मळ मन’ हे शब्द माझ्या तोंडीं ठरलेले असत. एके वर्षीं मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. तो कोंकण किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या घरांतला होता. तो म्हणाला, “सर, आमच्या घरीं मासे मारतात ते पोटासाठीं. हा मनुष्य करमणुकीसाठीं मारतो आणि तिला शांति म्हणतो. पण ह्यांत माशाचें काय?” मीं हंसून उत्तर दिलें कीं, वाङ्मयाच्या वर्गांत मासा हा केवळ निमित्तमात्र असतो. वर्ग हंसला, तो मुलगा खालीं बसला. माझें उत्तर चतुर होतें, परंतु तें उत्तर नव्हतें, ही जाणीव मला त्याच दिवशीं झाली होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, मासे धरण्याची विद्या शिकविणारा ग्रंथ म्हणून पाहिल्यास हें पुस्तक पहिल्या प्रतीचें नाहीं. त्यांतील बरीच माहिती उसनवारीची आहे. गळाच्या आंकड्यावर पिसें व रेशीम गुंडाळून खोटा किडा बनवावयाचा आणि त्यानें ट्राउट मासा भुलवावयाचा, ह्या कृत्रिम माशीच्या कलेविषयीं वॉल्टन जें सांगतो, त्यांतील पुष्कळसें टॉमस बार्कर नांवाच्या एका आचाऱ्याच्या १६५१ सालच्या पुस्तकांतून आलेलें आहे. व हें ऋण तो मोकळेपणानें कबूलहि करतो. त्याच्या बारा माश्यांची यादी तर १४९६ सालीं छापलेल्या एका निबंधापासून चालत आलेली. कार्प माशास तो नद्यांच्या राणीचा मान देतो, आणि हा मासा इंग्लंडांत मॅस्कल नांवाच्या गृहस्थानें आणला असें सांगतो; परंतु ज्या लिओनार्ड मॅस्कलचें मत्स्यविषयक पुस्तक १५९० सालीं निघालें, त्याच्या कितीतरी आधीं, त्या १४९६ च्या निबंधांतच, कार्पचा उल्लेख आहे. शिवाय १५७७ सालच्या ‘दि आर्ट ऑफ अँग्लिंग’ ह्या पुस्तकाची एकुलती एक प्रत १९५४ सालीं उजेडांत आली, तेव्हां अभ्यासकांना मोठेंच आश्चर्य वाटलें. तें पुस्तक संवादरूप आहे, आणि बोलणाऱ्यांचीं नांवें पिस्केटर व व्हायेटर, म्हणजे मासे धरणारा व वाटसरू, अशीं आहेत. वॉल्टनच्या पहिल्या आवृत्तींतहि हेच दोघे बोलतात! १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें वाटसरूचा व्हेनेटर, म्हणजे शिकारी, केला आणि ससाणे बाळगणारा ऑसेप्स हा तिसरा सोबती आणला.

ही उसनवारी वॉल्टनच्या समकालीनांसहि खटकली होती. रिचर्ड फ्रँक हा क्रॉम्वेलच्या बाजूचा शिपाई. स्कॉटलंडच्या नद्यांवर त्यानें सामन मासे धरले होते. १६५८ सालीं लिहिलेल्या व १६९४ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत तो वॉल्टनवर तुटून पडतो. पाइक मासा एका पाणवनस्पतीपासून उपजतो ह्या जुन्या समजुतीवरून स्टॅफर्ड येथें दोघांची खडाजंगी झाली व वॉल्टन रागावून निघून गेला, असें तो सांगतो. अनुभवाच्या बाबतींत फ्रँकचें पारडें जड असेल. पण त्याचें गद्य इतकें फुगलेलें व खडबडीत आहे कीं, १८२१ सालीं त्याच्या पुस्तकाचें संपादन करतांना सर वॉल्टर स्कॉटलाहि, हा प्रवास वॉल्टननें केला असता तर किती बरें झालें असतें, अशी हळहळ वाटली. ज्ञान फ्रँकपाशीं होतें आणि लेखणी वॉल्टनपाशीं होती. काळानें लेखणीची बाजू घेतली.

ह्या लेखणीचें सामर्थ्य कशांत आहे? मे महिन्यांतील सकाळीं टॉटनहॅमच्या टेकडीवर तीन अनोळखी माणसें एकत्र येतात, आणि आपापल्या छंदाची थोरवी सांगत वाट चालूं लागतात. पुढें ली नदीचा कांठ, पाणमांजराची शिकार, साध्या चब माशाला पाककौशल्यानें आलेली चव, पाऊस आल्यावर मधुमालतीच्या कुंपणाखालीं घेतलेला आसरा, भिंतीवर पोवाडे चिकटविलेली आणि लॅव्हेंडरच्या वासाचीं अंथरुणें असलेली खाणावळ, गवळणीच्या मुलीचें गाणें व तिच्या आईचें त्यास उत्तर, अशीं चित्रें एकामागून एक सहज येत जातात. वॉल्टनचें वाक्य घाईंत नसतें; तें नदीप्रमाणें वळणें घेतें, मध्येंच थांबतें, आणि वाचकास न कळत पुढें नेतें. उपदेश करीत असतांहि तो व्यासपीठावर चढत नाहीं. आपल्याकडील गुरुशिष्यसंवादांत शिष्य बहुधा प्रश्नापुरताच असतो. येथें मात्र शिष्य भुकेला होतो, थकतो, गातो, आणि त्याचा पहिला मासा सुटून जातो तेव्हां गुरूची समजूत ऐकून घेतो.

ही प्रसन्नता भाबडेपणाची आहे काय? माझ्या मतें मुळींच नाहीं. १६४९ सालीं राजाचा शिरच्छेद झाला होता. वॉल्टन ज्या धर्मपंथाचा श्रद्धाळू अनुयायी, त्याचे बिशप पदच्युत झाले होते व त्याची प्रार्थनापोथी निषिद्ध ठरली होती. १६५१ सालीं वूस्टरच्या लढाईंत राजपक्षाचा पुरता मोड झाल्यावर राजाचें एक रत्नजडित पदक शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून तें हातोहात पोंचविणाऱ्यांत हा शांतिप्रिय म्हातारा होता. घरांतील दुःख तर याहून मोठें. पहिल्या पत्नीपासून झालेलीं सातहि मुलें त्यानें बालपणींच गमावलीं, आणि १६४० सालीं ती पत्नीहि वारली. अशा मनुष्यानें मे महिन्याच्या सकाळीं आनंदाचीं पानें लिहावीं, ही कांहीं अजाणतेपणाची खूण नव्हे. गळ टाकणाऱ्यांचें जें बंधुत्व तो वारंवार वर्णितो, तें मला हरलेल्यांचें बंधुत्व वाटतें. राज्य गेलें, मठ गेला. आतां नदी तेवढी उरली आहे, तेथें चार सज्जन एकमेकांस ओळखतील! त्याची शांति ही मिळालेली नसून कमावलेली आहे.

परंतु ह्याच पुस्तकांत एक पान असें आहे कीं, तें मी वर्गांत नेहमीं गाळीत असें. पाइक धरण्यासाठीं जिवंत बेडूक गळाला कसा लावावा ह्याची कृति तेथें दिली आहे. आंकडा तोंडांतून घालून कल्ल्यांच्या बाजूनें बाहेर काढावा, पाय सुईदोऱ्यानें टांचावा, आणि हें सर्व करतांना हात इतका मायेचा असावा कीं जणूं तें आपलें लाडकें जनावर आहे. कारण काय, तर तसें केल्यानें बेडूक अधिक वेळ जिवंत राहतो! येथें उपरोध नाहीं, क्रौर्याचा आनंदहि नाहीं. हळुवारपणाच येथें हत्यार झाला आहे. बायरननें १८२३ सालीं ‘डॉन ह्वान’मध्यें वॉल्टनवर जो विखारी शेरा मारला, तो मी एके काळीं केवळ बायरनचा खट्याळपणा समजत असें. आतां तसें समजवत नाहीं.

आपल्या वाचकास हें पान अधिकच सलावें ह्यास कारण आहे. मराठी वाङ्मयांत गळ पुष्कळदां दिसतो, पण बहुधा तो पाण्याखालून दिसतो. काशी येथें १५७३ सालीं पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतांत अवधूत यदुराजास आपले चोवीस गुरु सांगतो. त्यांत मासा हा एक गुरु आहे. जिभेच्या लोभानें तो गळ गिळतो आणि प्राणास मुकतो. म्हणून जीभ जिंकावी, हा त्यानें शिकविलेला धडा. ‘आमिष’ हा शब्दच पाहा: मूळ अर्थ मांस, पण आज आपण तो लांच, मोह, खोटें आश्वासन ह्यांविषयींच वापरतों, आणि वापरतांना स्वतःस माशाच्या जागीं कल्पितों. गळाला दोन टोकें असतात. वॉल्टन कांठावरचें टोक धरून बसला आहे, आणि नाथांचा श्रोता दुसऱ्या टोकाशीं आहे. अर्थात् कांठावरून लिहिणारे आपल्याकडे झालेच नाहींत असें नाहीं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे, व त्यांत माशांच्या जाती, त्यांचें खाद्य आणि गळाचें साहित्य ह्यांचें पद्धतशीर विवेचन आहे. पण तो राजाचा विनोद. तेथें शांतीचा दावा नाहीं, म्हणून विसंगतीहि नाहीं.

वॉल्टनच्या पुस्तकाचें उत्तर त्याच्याच पुस्तकाला जोडून आलें, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते. १६७६ सालच्या पांचव्या आवृत्तींत चार्ल्स कॉटननें स्वच्छ प्रवाहांत ट्राउट व ग्रेलिंग धरण्यावर दुसरा भाग लिहिला. कॉटन हा डव्ह नदीकांठचा जमीनदार, वॉल्टनहून सदतीस वर्षांनीं लहान व त्यास पित्यासमान मानणारा; नदीकांठीं १६७४ सालीं बांधलेल्या आपल्या मत्स्यगृहावर त्यानें दोघांचीं आद्याक्षरें एकांत एक गुंफून कोरविलीं. त्याच्या गद्यांत गवळण नाहीं, भजन नाहीं. महिन्यामहिन्याच्या माश्यांची काटेकोर यादी आहे. पण नितळ पाण्यांत मासा आपणांस पाहतो, म्हणून दोरी बारीक असावी आणि आपण दूर उभें राहावें. कोणत्या महिन्यांत कोणता किडा पाण्यावर येतो व मासा तो कसा टिपतो हें ध्यानांत घ्यावें, असें जेव्हां कॉटन सांगतो, तेव्हां तो नकळत दुसऱ्या टोकाशीं जातो. मायेची भाषा न बोलणारा कॉटन माशाच्या डोळ्यानें पाहावयास शिकवितो, आणि मायेची भाषा बोलणाऱ्या वॉल्टनला मासा दिसतो तो बहुधा ताटांतला! कॉटनचें हें पाहणें फसविण्यासाठीं आहे हें खरें. तरी तें पाहणें आहे.

पुढील काळानें हा प्रश्न मिटविला नाहीं, तो अधिक विचित्र केला. १९५२ सालीं रिचर्ड वॉकरनें रेडमायर तळ्यांत ४४ पौंडांचा कार्प धरला; तो न मारतां लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत ठेवण्यांत आला आणि तेथें अनेक वर्षें जगला. आज इंग्लंडांतील कार्पचे शोकीन मासा ओल्या गादीवर निजवितात, गळाच्या जखमेस औषध लावतात, वजन करून व छायाचित्र घेऊन त्यास परत पाण्यांत सोडतात. एकाच माशाला नांव असतें, आणि तो वर्षानुवर्षें पुन्हां पुन्हां धरला जातो. मारणें गेलें, माया वाढली. गळ मात्र राहिला. ट्राउटच्या ओंठांत इजा जाणणारे मज्जातंतू आहेत असें स्कॉटलंडमधील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि माशास वेदना होतात कीं नाहीं हा वाद तेव्हांपासून अधिकच तापला आहे. वॉल्टनच्या बेडकाचें पान असें अजून उलटलेलें नाहीं.

तर मग त्या विद्यार्थ्यास मी आज काय सांगेन? मी सांगेन कीं, तुझा प्रश्न वाङ्मयाबाहेरचा नव्हता. तोच ह्या पुस्तकाचा मध्यवर्ती प्रश्न होता. हरलेल्या मनुष्यानें कमावलेली शांति खरी असूं शकते, आणि तरीहि ती दुसऱ्या एखाद्या जीवाच्या वेदनेकडे पाठ करून बसलेली असूं शकते. वॉल्टनला छळलेल्या माणसाचें दुःख कळलें, पण आपल्याच हातांतील दोरीच्या टोकाचें कळलें नाहीं. एवढ्यानें त्याचें पुस्तक खोटें ठरत नाहीं. मात्र तें केवळ ‘निर्मळ’ म्हणून शिकविणारा शिक्षक खोटा ठरतो. ग्रंथाचा दोष झांकून त्याच्यावर प्रेम करणें ही भक्ति असेल, रसिकता नव्हे.

यंदा मीं तें बेडकाचें पान वर्गांत पहिल्यानेंच मोठ्यानें वाचून दाखविलें. कोणी हंसलें नाहीं. नंतर मीं मधुमालतीच्या कुंपणाखालील पावसाचें पान वाचलें. आणि तें पूर्वीपेक्षां कमी सुंदर वाटलें नाहीं.