नीतीचा तास आणि परवान्याची तारीख

गणेशोत्सवाच्या महाप्रसादानंतर हॉलमधल्या खुर्च्या आवरत असताना एका मुलाने मला गाठले. मूळचा नागपूरचा, इथे हॉलंडमध्ये संगणकशास्त्रात एम.एस्सी. करतो. "काका, तुम्ही इतकी वर्षं प्रोग्रॅमिंग केलंत, माझा एक गृहपाठ बघाल का?" म्हणाला. मला वाटले, अल्गोरिदम वगैरे असेल आणि आता आपली फजिती होणार. पण गृहपाठ नीतिशास्त्राचा निघाला. प्रश्न असा होता: तुम्ही एका बँकेत नोकरीला आहात, तुमचा प्रोग्रॅम एका विशिष्ट वस्तीतल्या लोकांना कर्ज नाकारतो असे तुमच्या लक्षात येते, तुम्ही काय कराल? पोराने पहिलेच वाक्य लिहिले होते, "आधी माझ्या रेसिडेन्स परमिटची तारीख बघेन." शिक्षकांनी समासात शेरा मारला होता: मजेदार, पण प्रश्नाच्या कक्षेबाहेर. दहापैकी सात गुण.

तो शेरा माझ्या डोक्यातून जाईना. हे शिकवणे कुठून आले, कोणी ठरवले, ते पाहावे म्हणून निवृत्त माणसाच्या चिकाटीने मी हिवाळाभर वाचत बसलो. जे हाती लागले त्यावर चार शब्द लिहितो.

२००५ साली झुरिकच्या ई.टी.एच. विद्यापीठात युरोपभरच्या संगणकशास्त्र विभागांच्या प्रमुखांची पहिली बैठक भरली. बर्ट्रांड मायर आणि विली झ्वानपूल हे तिचे पुढाकारी. दुसऱ्या वर्षी 'इन्फर्मॅटिक्स युरोप' ही संस्था उभी राहिली. (नावात 'कॉम्प्युटर' नाही, हे मला आवडले. इथली मंडळी विषयाला यंत्राचे नाव देत नाहीत.) प्रत्येक देशाची पदवी वेगळी, भाषा वेगळी. १९९९ च्या बोलोन्या करारानंतर पदव्यांचे माप तरी एक होऊ लागले होते, पण त्या मापात काय भरायचे हे ज्याचे तो ठरवत होता. तेव्हा विभागांनी एकत्र बसणे ही मोठीच गोष्ट होती.

या सहकार्यातून नीतीच्या बाबतीत जे निघाले त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे २०१९ मध्ये सुरू झालेला 'एथिक्स फोर ईयू' हा प्रकल्प. युरोपीय संघाच्या पैशावर, डब्लिनच्या तंत्रविद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेला, आणि इन्फर्मॅटिक्स युरोप त्यात भागीदार. त्यांनी २३ देशांतल्या ६१ विद्यापीठांची पाहणी केली. सुमारे एक तृतीयांश ठिकाणी संगणकाचे नीतिशास्त्र शिकवलेच जात नाही, असे निघाले. स्वतःच्या बिरादरीबद्दलचा असा आकडा छापायला धैर्य लागते. ते श्रेय पुरेपूर दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीचा 'डिजिटल मानवतावादाचा व्हिएन्ना जाहीरनामा'. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातले हानेस वेर्थनर हे त्यामागचे प्रमुख. मजकूर छोटा आहे, चहा निवायच्या आत वाचून होतो. माणसांच्या हक्कांवर परिणाम करणारे निर्णय माणसांनीच घ्यावेत, मक्तेदार कंपन्यांना वेसण घालावी, विद्यापीठांनी विषयांच्या भिंती पाडाव्यात, असे त्याचे म्हणणे. पुढे २०२४ मध्ये त्याच मंडळींकडून एक जाडजूड पाठ्यपुस्तकही आले, आणि ते कोणालाही फुकट उतरवून घेता येते. पाठ्यपुस्तकांच्या किमती पाहून डोळे पांढरे झालेल्या पालकांना याचे मोल कळेल.

मग माझी तक्रार काय आहे? पाहणीत काय काय विचारले ते बघा. शिकवता का? का शिकवता किंवा का नाही? कसे शिकवता, शिकवणारा कोण, अभ्यासक्रमात काय काय घेता? सगळे प्रश्न वर्गाच्या दारापर्यंत येऊन थांबतात. दाराबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, त्याने कधी 'नाही' म्हटले का, म्हटले तर नोकरी टिकली का, हे कोणी विचारत नाही. विभागांच्या सहकार्याने विभागांचीच नाडी पाहिली. एका पाहणीने सगळेच करावे असे मी म्हणत नाही. पण तास वाढवले की काम झाले, असा समज त्यातून सहज होतो.

जाहीरनाम्यात तर जगभरच्या सर्वच व्यावसायिकांनी आपली सामाईक जबाबदारी मान्य करावी, असे सांगितले आहे. 'सामाईक' हा शब्द मला खटकला. सामाईक विहिरीत सगळ्यांचा हिस्सा सारखा नसतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याला विचारा. ॲमस्टरडॅममध्ये बसून कामाचा आराखडा मंजूर करणारा व्यवस्थापक आणि हिंजवडीत रात्री त्या आराखड्याबरहुकूम कोड लिहिणारी मुलगी यांची जबाबदारी एकाच तागडीत कशी घालायची? आणि इथे कामावर असलेला आपला तरुण 'केनिसमिग्रांट' परवान्यावर असतो. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने, नाहीतर सामान बांधायचे. त्या गृहपाठातल्या बँकेत उद्या हाच मुलगा बसणार आहे. परमिटची तारीख प्रश्नाच्या कक्षेबाहेर कशी?

हॉलंडचेच उदाहरण घेतो, कारण इथे सबब सांगायला जागा नाही. डेल्फ्ट, आइंडहोवन आणि ट्वेंटे या तीन तंत्रविद्यापीठांनी २००७ सालीच नीती आणि तंत्रज्ञानाचे सामाईक केंद्र काढले. अभियंत्यांना नीती शिकवण्यात हा देश युरोपात पुढे. आणि याच देशात बालसंगोपन अनुदानाचे प्रकरण घडले. कर खात्याच्या संगणकी यादीत अर्जदार डच नागरिक आहे की नाही हा धोक्याच्या खुणांपैकी एक होता. हजारो आईबापांना, त्यांत परदेशी मुळांचे कितीतरी, फसवे ठरवून त्यांच्याकडून हजारो युरो परत मागितले गेले. संसार मोडले. १५ जानेवारी २०२१ रोजी रुट्टेंच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये माहिती संरक्षण प्राधिकरणाने कर खात्याला साडेसत्तावीस लाख युरो दंड केला. म्हणजे सरकारने सरकारला भरलेला दंड. असो. खात्याच्या आतून २०१७ मध्ये लेखी इशारा दिला तो सांड्रा पाल्मेन या कायदेतज्ज्ञ बाईंनी. तो बाजूला ठेवला गेला. त्यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. पण ज्यांनी तो रकाना कोडमध्ये घातला, त्यांच्यापैकी कोणाचा आवाज माझ्या तरी वाचनात आला नाही.

यावरून नीतीचे तास फुकट गेले, असा निष्कर्ष मी काढत नाही. ते कोड लिहिणारे कुठे शिकले होते, मला काय माहीत. पण चूक ओळखणे आणि ती थांबवणे यांच्यामध्ये जी खाई आहे, तिच्यावरून जायचा रस्ता या अभ्यासक्रमांत मला अंधुक दिसला. तो रस्ता अगदी व्यवहाराचा आहे. इथे १८ फेब्रुवारी २०२३ पासून जागल्यांना संरक्षण देणारा कायदा लागू आहे, आणि तो कंत्राटी माणसालाही लागू पडतो. कंपनीत कामगारांची परिषद असते. साहेबांचे तोंडी सांगणे ईमेलने परत विचारून लेखी करून घेता येते. काँट आणि उपयुक्ततावाद जरूर शिकवा, पण एक तास या गोष्टींना द्या. आणि सहकार्य युरोपच्या वेशीपाशी का थांबावे? इथल्या बँकांचे किती काम पुण्यात होते, हे आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी पाहिली तरी कळेल. पुण्यातल्या विभागांना त्या टेबलाशी एक खुर्ची नको का?

हे इतक्या तावातावाने लिहायला मला काय अधिकार, असे कोणी विचारील. १९९६ साली मी एका विमा कंपनीत कंत्राटावर होतो, दीड वर्ष. कामाचा परवाना त्यांच्याच नावाने काढलेला. घरविम्याच्या प्रोग्रॅममध्ये पोस्टकोडांचे एक टेबल जोडायचे होते. टेबलातला कोड असला की अर्ज आपोआप मंजूर न होता बाजूला पडायचा. इथला पोस्टकोड म्हणजे एका गल्लीतली पंधरा-वीस घरे. यादी तपासताना एक कोड ओळखीचा वाटला. हेगमध्ये पॉल क्रूगरलानवर सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची दुकाने आहेत. दर शनिवारी मी आणि सौ. तिथे मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता आणायला जात असू. पिशवीतल्या पावतीवर तोच कोड होता. दुकानदाराचे आजोबा भोजपुरी मुलखातून मजुरीच्या करारावर सुरिनामला गेलेले. तो आम्हाला एक जुडी जास्त टाकायचा.

मी टेबल जोडले. प्रोग्रॅम पहिल्याच चाचणीत बरोबर चालला आणि माझे कौतुक झाले. शनिवारी मेथी आणली.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. तो थोडा वेळ खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मग म्हणाला, "काका, पण तुम्ही कोणाला काही विचारलंत का?"

विचारले होते ना. पोस्टकोडचा रकाना सहा अक्षरांचा ठेवायचा की मध्ये एक जागा सोडून सातांचा, हे विचारले होते.