परतलेल्याला विचारलं, पण ऐकणाऱ्याला कुणी विचारलं?

आज अशा एका शोधनिबंधाविषयी लिहितोय, ज्याचा आराखडा मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी फारसा विचार न करता माझ्या सिनॉप्सिससाठी उचलला होता. मिला लाझारोव्हा आणि इब्रेझ तारिक यांचा हा निबंध २००५ साली 'जर्नल ऑफ वर्ल्ड बिझनेस'मध्ये आला. त्यातला प्रश्न साधा आहे. कंपनी कर्मचाऱ्याला परदेशी नेमणुकीवर पाठवते, त्यावर भरपूर खर्च करते. मग तो परत आल्यावर त्याने तिथे शिकलेलं कंपनीत का पसरत नाही?

त्यांचं उत्तर असं की, दोन गोष्टी जुळाव्या लागतात: कर्मचाऱ्याची सांगण्याची तयारी आणि कंपनीची घेण्याची तयारी. कर्मचाऱ्याची तयारी त्याच्या करिअरच्या अपेक्षांशी जोडलेली असते. निबंधाची खरी ताकद इथे आहे. सगळा दोष परतलेल्या माणसावर टाकलेला नाही.

आता हा आराखडा एका खऱ्या उदाहरणावर घासून बघू. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे 'न्युमी' हा संयुक्त कारखाना सुरू केला. तिथल्या कामगारांना प्रशिक्षणासाठी जपानमधल्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवलं. ते परतले आणि न्युमीत नवी पद्धत चालली. पण तीच पद्धत जनरल मोटर्सच्या व्हॅन नाईस कारखान्यात न्यायचा प्रयत्न झाला, तो फसला. १९९२ मध्ये तो कारखानाही बंद पडला.

आराखडा म्हणेल, व्हॅन नाईसची घेण्याची तयारी नव्हती. बरोबर आहे, पण अपुरं आहे. अडचण आली की कामगाराने दोरी ओढायची, वेळ पडली तर लाइन थांबवायची, हे त्या पद्धतीतलं एक तत्त्व. हे पाच मिनिटांत सांगता येतं. पण दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत आला नाही, किंवा लाइन थांबली म्हणून साहेब रागावले, तर त्या माहितीचा उपयोग काय? म्हणजे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात नव्हतंच. ते माणसांच्या आपसातल्या व्यवस्थेत होतं. हा आराखडा मात्र ज्ञानाला पार्सल समजतो: देणारा तयार, घेणारा तयार, की पोचलं.

दुसरा आक्षेप पद्धतीवर. हा निबंध संकल्पनात्मक आहे, तेव्हा पुढे तो तपासायची जबाबदारी आपल्यासारख्यांची. आणि आपण काय करतो? परतलेल्या कर्मचाऱ्यांना प्रश्नावली देतो: 'तुम्ही तुमचं ज्ञान सहकाऱ्यांना दिलंत का?' १ ते ५ मध्ये उत्तर द्या. मीही हेच केलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी कागद बघून एवढंच विचारलं, "अरे, हे कुणाला विचारायला हवं? सांगणाऱ्याला की ऐकणाऱ्याला?"

मी एम.एस्सी. केमिस्ट्रीचा. अभिक्रियेत उत्पादन किती मिळालं, हे फ्लास्कमध्ये काय टाकलं त्यावरून कुणी ठरवत नाही. बाहेर काय निघालं ते वजन करून बघतो. इथे मात्र मी टाकणाऱ्यालाच उत्पादन विचारत होतो. शिवाय परतल्यावर कंटाळून नोकरी सोडून गेलेले लोक माझ्या नमुन्यात नव्हतेच. ज्यांचं कुणी ऐकलं नाही तेच कदाचित सोडून गेले असतील. मग माझे आकडे छान दिसणारच.

ती प्रश्नावली मी बाजूला ठेवली. सहा महिने गेले, त्याचं वाईट वाटलंच. आता मी जोड्या घेतोय: परतलेला कर्मचारी आणि त्याच्या टीममधला एक सहकारी. दोघांना वेगवेगळं विचारायचं, की मागच्या वर्षात कामाची कोणती पद्धत बदलली आणि ती कुणामुळे. जोड्या मिळवणं अवघड आहे, नमुना लहान राहणार. पण दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तेसुद्धा निष्कर्षच आहे.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनो, आराखडा कुणाचाही घ्या, निबंध कितीही नावाजलेला असो. फक्त त्यातल्या प्रत्येक चलासमोर एक गोष्ट लिहा: याचं खरं उत्तर कुणाकडे आहे? आणि तो माणूस तुमच्या नमुन्यात आहे का, ते बघा.