अंगाने पैलवान, चालीने चपळ

लंडनच्या फॅन स्ट्रीटवरची रॉबर्ट थॉर्नची टाइप फाउंड्री १८२० साली विल्यम थोरोगुडने विकत घेतली. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा ‘थोरोगुड इटॅलिक’ हा जाडजूड तिरपा टाइप पाहताना नजर आधी शाईवर जाते. खरी करामत मात्र पांढऱ्यात आहे. दांड्या इतक्या फुगवलेल्या, की अक्षराच्या पोटात जेमतेम एक तिरपी फट उरते. शब्द जुळला की या फटी एका लयीत येतात आणि त्यांच्या जोरावर एवढा काळा ऐवज पुढे सरकतो.

त्यातला छोटा ‘एन’ सावकाश पाहा. दांडीतून केसाएवढी रेघ निघते, कमान घेता घेता एकदम फुगते आणि पायाशी पुन्हा केसाएवढी होऊन पुढच्या अक्षराकडे वळते. मधली जाडी जवळजवळ नाहीच. काही बारीक रेघांच्या टोकाला टपोरा गोळा. पैलवानाने लेझीम हाती घ्यावी आणि पाऊल जराही चुकू नये, तसं काहीसं. उभा टाइप नुसता कलंडवून हे साधत नाही. संगणकावर आपली देवनागरी ‘इटॅलिक’चं बटण दाबून ढकलली जाते, तेव्हा वळणं विचकतात, जाडी भलतीकडे जाते. इथे प्रत्येक वळण तिरप्या चालीसाठीच कोरलेलं आहे.

अशा टाइपांची जागा पुस्तकात नव्हे, भिंतीवर होती. नाटकं, लिलाव, घोडागाड्या, आणि १८२६ पर्यंत चाललेली इंग्लंडची सरकारी लॉटरी! बक्षिसाची रक्कम गल्लीच्या टोकावरून दिसायला हवी. लांबून बारीक रेघा विरून जातात, पण काळे पट्टे शब्दाचा आकार धरून ठेवतात. जवळ आलं की रेघा पुन्हा उमटतात. एकाच अक्षरात दोन अंतरांची सोय.

टी. सी. हॅन्सर्ड या मुद्रकाने १८२५ च्या ‘टायपोग्राफिया’त जाड टाइपांच्या बेढबपणावर तोंडसुख घेतलं. पुस्तकाच्या पानापुरतं त्याचं खरंच आहे. बारा पॉइंटात यांची पोटं बुजतात. पण फलकाला पोथीचे नियम लावायचे कशाला?

शेफील्डच्या स्टीव्हन्सन ब्लेकने १९५३ मध्ये थोरोगुड पुन्हा बाजारात आणला. मॅथ्यू कार्टरने १९९२ मध्ये विन्सेंट फिगिन्सच्या जुन्या जाड टाइपांवरून ‘एलिफंट’ आखला. त्याचं इटॅलिक मला जास्त आवडतं. खिळ्याच्या चौकोनी अंगात तिरपं अक्षर बसवताना मध्ये नको तेवढी जागा राहायची, ती अडचण संगणकावर उरली नाही. तरी सढळ हाताने वापरू नये. एखादाच शब्द घ्यावा, भरपूर मोठा, जुळणी घट्ट, आणि शक्यतो छोट्या लिपीत. नुसती कॅपिटल्स ओळीने लावली की लय हरवते, वजन तेवढं उरतं. शब्दात ‘अँड’चं चिन्ह आलं तर सोन्याहून पिवळं.