चंद्राचा पैसा, गटाराचा पैसा

मागच्या अंकात एक कविता आली. कवीचं नाव लिहीत नाही. तो आपलाच पोरगा आहे, रात्री गोदामावर राखणीला असतो नि दिवसा लिहितो. त्यानं जे लिहिलंय ते आपल्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी लिहिलेलं आहे. वर चंद्रावर यान उतरतं, खाली गटारात माणूस उतरतो. वर टाळ्या, खाली पंचनामा. मग सरकारला शिव्या, शास्त्रज्ञांना शिव्या, आणि शेवटी मागणी अशी की हे असले प्रयोग बंद करा आणि तो पैसा आमच्या वस्तीत आणा.

कवितेत दम आहे. राग खरा आहे, उसना आणलेला नाही. पण ती वाचली त्याच आठवड्यात हार्बरच्या गाडीत एक गृहस्थ भेटला. कडक इस्त्री, कपाळाला आठी. शेजारच्याला सांगत होता, आम्ही टॅक्स भरतो आणि सरकार त्यावर प्रयोगशाळा पोसतं. ज्याला संशोधन करायचंय त्यानं आपल्या खिशातून करावं, कंपन्या आहेत की! रे रोडला मी उतरलो तरी त्याचं बोलणं चालूच होतं. आणि जिना चढताना माझ्या डोक्यात उजेड पडला की आपला विद्रोही कवी आणि हा गृहस्थ, दोघांची मागणी एकच आहे. सरकारनं संशोधनावरचा पैसा काढून घ्यावा. हे काही बरं लक्षण नाही. म्हणून कवितेचं परीक्षण बाजूला ठेवून हे लिहितोय.

आधी ‘करदाता’ या शब्दाची झडती घेऊ. हा शब्द पांढरपेशानं सातबाऱ्यावर चढवून घेतल्यासारखा आपल्या नावावर करून घेतलाय. जो आयकर भरतो तो करदाता, बाकीचे फुकटे. बाबासाहेबांनी 1927 साली मुंबईच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना या लबाडीवर बोट ठेवलं होतं. शेतकऱ्याचं पीक येवो न येवो, त्याला शेतसारा चुकत नाही. आयकरवाल्याला मात्र कमाई झाली नाही तर कर नाही. आज शेतसाऱ्याची जागा जीएसटीनं घेतलीय. 1 जुलै 2017 ला तो आला तेव्हा अंगाच्या साबणावर 18 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 ला 5 झाला. म्हणजे आठ वर्षं दारूखान्यात जहाजं तोडणारा गॅसकटर संध्याकाळी अंगावरचा गंज धुवायला बसला की दिल्लीला कर भरत होता. त्याला पावती मिळत नाही, म्हणून तो करदाता नाही! माझा बाप त्याच गल्लीत लोखंड वाहून म्हातारा झाला. त्याला कुणी सांगितलं असतं की ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तुझेही चार आणे आहेत, तर तो आधी हसला असता, आणि मग नक्की विचारलं असतं, बघायला जाऊ देतील का?

आता कवीच्या हिशेबाकडे. गटारात माणूस मरतो तो यंत्राचा शोध लागायचा राहिलाय म्हणून नव्हे. जेटिंगच्या गाड्या आहेत, सक्शनच्या आहेत. केरळातल्या इंजिनियर पोरांनी ‘बॅण्डिकूट’ नावाचा यंत्रमानव 2018 सालीच गटारात उतरवून दाखवला. कायदे 1993 चा आणि 2013 चा, दोन आहेत. तरी माणूस उतरतो, कारण तो यंत्रापेक्षा स्वस्त पडतो आणि तो कुठल्या जातीचा असणार हे जन्माआधी ठरलेलं असतं. चांद्रयान-3 ला 600 कोटींच्या वर पैसा लागला, खरंय. ते यान 23 ऑगस्ट 2023 ला उतरलंच नसतं तर ते कोटी गटाराकडे वळले असते का? आपल्या नावावरचा पैसासुद्धा आपल्याकडे टिकत नाही. 2025 च्या मे महिन्यात राज्याच्या सामाजिक न्याय खात्याचे 400 कोटींहून जास्त रुपये ‘लाडकी बहीण’कडे वळवले, आणि त्या खात्याचा मंत्रीच ओरडत राहिला. वाचलेला पैसा महारवाड्याच्या वाटेला आपसूक लागतो, हा भाबडेपणा आपण सोडायला पाहिजे.

अमेरिकेतला एक प्रसंग सांगतो, आपल्या कामाचा आहे. 1969 चा जुलै. अपोलो-11 उडायच्या आदल्या दिवशी रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी, मार्टिन ल्यूथर किंगच्या मागे त्यांची संघटना सांभाळणारा माणूस, गरीब काळी कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन तळाच्या दारात गेला. नासाचा प्रमुख थॉमस पेन बाहेर आला. म्हणाला, हे उड्डाण रद्द करून गरिबी हटत असती तर मी बटण दाबलं नसतं. आपल्याला वाटेल, साहेबी टोलवाटोलवी. पण ॲबरनॅथीनं काय केलं ते बघा. त्यानं यान थांबवा म्हटलं नाही. तुमची ही अक्कल भुकेच्या कामाला लावा म्हणाला, यानातल्या माणसांसाठी प्रार्थना केली, आणि आपल्या लोकांना आत बसून उड्डाण बघायला जागा मागून घेतली. जागा मागितली, हे महत्त्वाचं.

आपल्या स्टेशनापासून भायखळ्याच्या अंगाला चालत गेलं की तुरुंग लागतो. आपल्यातले बरेचजण त्याला आतून ओळखतात. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीला डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी सापडला. सरकारनं वाल्डेमार हाफकिनला बोलावलं, ग्रँट मेडिकल कॉलेजात कोपरा दिला, आणि 10 जानेवारी 1897 ला त्यानं आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती टोचली गेली भायखळ्याच्या कैद्यांना. ते स्वखुशीनं पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगातली स्वखुशी कशी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसात सरकारी खर्चानं प्लेगची प्रयोगशाळा थाटली, तीच आजची हाफकिन संस्था. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, याचा पुरावाही इथूनच गोळा झाला. त्यासाठी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा मोजल्या.

इंग्रजानं हे आपल्यावरच्या प्रेमानं केलं नाही. बंदर ठप्प होत होतं, परदेशात मुंबईचा माल अडत होता. पण पैसा सरकारी होता, म्हणून लस गिरणीवाल्याच्या मालकीची झाली नाही, हेही तितकंच खरं. आणि त्याच सालच्या मार्चमध्ये पुण्यात काय झालं ते आपल्याला पाठ आहे. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि 10 मार्चला स्वतः प्लेगनं गेल्या. शोध जानेवारीतला, मरण मार्चमधलं.

‘कंपन्या आहेत की’ म्हणणाऱ्याला मी विंचवाचं विचारीन. विंचू कुणाला चावतो? भात कापणाऱ्याला, वीटभट्टीवर विटा उचलणाऱ्या बाईला, अनवाणी आदिवासी पोराला. त्यांच्यासाठी औषध शोधून कुठली कंपनी गब्बर होणार? कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं पटापट मरायची. महाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी खाटेशेजारी रात्री काढून नोंदी केल्या. दंशानंतर हृदय कसं थकत जातं ते 1982 साली लॅन्सेटमध्ये छापून आणलं, आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी यावर चालते हे दाखवून दिलं. मरणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरले. सरकारी पगारावरच्या डॉक्टरनं केलेलं हे संशोधन. यालाच करदात्यांचा पैसा म्हणतात, साहेब. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तातून काढण्याचं कामही हाफकिननंच वर्षानुवर्षं केलं.

आणि कंपन्या म्हणाल तर त्या सरकारच्याच दारात वाडगा घेऊन उभ्या आहेत. या देशात संशोधनावर एकूण खर्च किती? 2020-21 चा आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के. शंभर रुपयांत चौसष्ट पैसे, खासगीवाले धरून. दक्षिण कोरियात चार रुपयांच्या वर जातो. 2023 साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत 50,000 कोटी म्हणाले, त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून येतील अशी आशा धरली. मग 2025 मध्ये 1 लाख कोटींची योजना काढली. कशासाठी? खासगी क्षेत्राला संशोधनाकरता नाममात्र व्याजानं किंवा बिनव्याजी पैसा मिळावा म्हणून. तेव्हा पैसा सरकारनं द्यावा की नाही हा वाद मिटलेला आहे. वाद आहे तो कुणाला द्यायचा आणि हिशेब कुणी मागायचा याचा.

म्हणून मी 4 मार्च 1958 चा वैज्ञानिक धोरणाचा ठराव काढून वाचला. नेहरूंच्या सरकारचा, दोन-तीन पानांचा. आपण कविता वाचतो तसा वाचला, शब्दांना टोचून. भाषा भारदस्त आहे, हेतू चांगला आहे, खोटं बोलणार नाही. शास्त्रज्ञांना चांगल्या सेवाशर्ती आणि मानाची जागा देऊ म्हणतो. सहा उद्देश दिलेत. विज्ञानाची जोपासना पहिल्यात, उत्तम शास्त्रज्ञांचा पुरवठा दुसऱ्यात. स्त्री-पुरुषांच्या प्रतिभेलाही जागा आहे. देशातल्या जनतेला विज्ञानाचे लाभ मिळावेत ही गोष्ट सहाव्यात, म्हणजे शेवटी. पंगतीत आपली पानं मांडतात तिथे. जात हा शब्द अख्ख्या ठरावात नाही. संविधान होऊन आठ वर्षं झालेली, बाबासाहेब जाऊन पंधरा महिने, आणि ज्या देशात ज्ञान ऐकल्याबद्दल कानात शिसं ओतायचा शास्त्राधार होता तिथला ज्ञानाचा ठराव जातीबद्दल मुका!

या मुकेपणाला पुढे पाय फुटले. 23 जून 1975, आणीबाणीच्या दोन दिवस आधी, केंद्राच्या कार्मिक खात्याचं एक परिपत्रक निघालं. संशोधन करणारी, चालवणारी, त्याला दिशा देणारी जी शास्त्रीय-तांत्रिक पदं गट ‘अ’च्या सगळ्यांत खालच्या पायरीच्या वर आहेत, त्यांना आरक्षण नाही. म्हणजे दारातून आत या, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवरच उभे राहा. 2006 चा केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशाचा आरक्षण कायदा घ्या, किंवा 2019 चा शिक्षकपदांचा घ्या. दोन्हींत कलम 4 आणि मागे परिशिष्ट. परिशिष्टात सूट दिलेल्या आठ संस्था. होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या शाखा, त्यात ट्रॉम्बेचं भाभा केंद्र आणि आपल्या परळचं टाटा मेमोरियल. शिवाय कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. सगळ्या जनतेच्या पैशावर चालणाऱ्या. चळवळीतल्या किती पोरांनी हे परिशिष्ट वाचलंय? मनुस्मृती आपण जाळली, परिशिष्ट उघडूनही बघितलं नाही.

आमच्या चाळीतला एक पोरगा एम.एस्सी. झाला, पदार्थविज्ञानात. मुलाखतीला गेला, संस्थेचं नाव घालत नाही. पाच प्रश्न विज्ञानाचे विचारले, सहावा वडील काय करतात. तो म्हणाला, भंगार. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. आता क्लासमध्ये शिकवतो आणि चांगला शिकवतो.

एक शेवटची गोष्ट, जिच्यावर माझं मन अजून दोन्हीकडे ओढलं जातं. 1998 पासून टाटा मेमोरियलनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी केली. 35 ते 64 वयाच्या दीड लाख बायका. निम्म्या जणींच्या गर्भाशयाचं तोंड व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून दर दोन वर्षांनी तपासलं. तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या बाया, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. 2013 मध्ये निकाल आला की या कॅन्सरनं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. मोठं काम आहे. वस्तीतल्या दहावी पास बाईच्या हातानं जगाला विज्ञान शिकवलं, हे आपल्या एकाही कवितेत आलेलं मी वाचलं नाही. पण उरलेल्या 76,000 बायका? त्यांना माहिती दिली, तपासणी नाही. तुलना करायला त्या तशाच ठेवायच्या होत्या. यावर पुढे बराच वाद झाला. बचाव असा की या देशात गरीब बाईची तपासणी एरवीही होतच नव्हती, मग आम्ही काय काढून घेतलं? बचाव कायद्यात बसेल. पण ‘काहीच न मिळणं’ हीच जिथं रीत म्हणून धरली जाते, तिथं ती रीत कुणी पाडली हेही विचारायला हवं. आणि या चाचणीला पैसा पुरवला अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं. अंग आमच्या आया-मावश्यांचं, कर अमेरिकन माणसाचा. आपल्या सरकारनं पैसा दिला असता, आणि ठरवणाऱ्यांत त्या वस्तीतल्या दोन बाया बसल्या असत्या, तर दुसऱ्या गटाचं काय करायचं यावर निदान भांडण तरी आधी झालं असतं.

हे सगळं मी कवीला स्टेशनाबाहेरच्या टपरीवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, भाऊ, परिशिष्टावर कविता होत नाही. म्हटलं, नको करू. माहिती अधिकाराचा अर्ज लिही. त्या आठ संस्थांत पहिल्या पायरीच्या वर आपले किती, एवढंच विचार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, ती मी आणतो. तो अर्ज लिहायला बसलाय. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू. नाही आलं तर तेही छापू.