एकनाथी भागवतांतील अनुतापविचार

भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका नाथांनीं पैठणास आरंभिली व शके १४९५ (इ. स. १५७३) मध्यें काशीस पूर्ण केली. सुमारें १८,८०० ओव्यांच्या या ग्रंथांत आत्मदोषाच्या कबुलीचीं दोन प्रकरणें विशेष लक्षणीय आहेत : तेविसाव्या अध्यायांतील भिक्षुगीत आणि सव्विसाव्यांतील ऐलगीत. पहिलें द्रव्यनिंदेचें व दुसरें स्त्रीनिंदेचें म्हणून पुष्कळदां वाचलें जातें. आमच्या मतें अशा वाचनानें दोहोंचेंही मर्म झांकलें जातें.

अवंतीचा कृपण ब्राह्मण सर्वस्वास मुकतो. आप्त पाठ फिरवितात. मग द्रव्यापासून उपजणारे पंधरा अनर्थ तो मोजतो. ही गणना सामान्य उपदेशासारखी दिसते. परंतु ती करणारा स्वतःच कृपण असल्यानें ती त्याच्या गतायुष्याची झडती ठरते. झाल्या नाशांतच त्यास हरीची कृपा दिसूं लागते. पुढें भिक्षु झाल्यावर लोक त्याचा छळ करितात. तेव्हां लोक, देवता, आत्मा, ग्रह, कर्म व काल यांपैकीं कोणीही आपल्या दुःखास कारण नाहीं असें ठरवून तो मनापाशीं येऊन थांबतो. आपल्याच दांतांनीं जीभ चावली तर रागवावें कोणावर, असें तो विचारितो.

ऐल म्हणजे पुरूरवा. उर्वशी सोडून गेली तेव्हां हा सम्राट् नग्नच तिच्यामागें विलाप करीत धांवला. सावध झाल्यावर तो म्हणतो कीं, दोरीस सर्प मानणाऱ्याचें दोरीनें काय बिघडविलें? येथें दोष उर्वशीवरून निघून राजाच्या अजितेंद्रियतेवर येतो. पुढें देहाविषयीं कठोर वचनें आहेत, हें खरें. पण दोरीचा दृष्टान्त त्यांच्या आधीं येतो. तो गाळून तेवढींच वचनें वेंचणें म्हणजे राजाची कबुली पुसून त्याचा मोह जतन करणें होय.

धर्मशास्त्रांतील प्रायश्चित्तास पापाचें नांव, व्रत व मुदत ठरलेली असते. अनुताप मात्र दोष दुसऱ्यावर ढकलणाऱ्या मनालाच हात घालतो. म्हणून त्यास मुदतीचें बंधन नाहीं. खट्वांग राजास एक मुहूर्त पुरला, हें भिक्षूला ठाऊक आहे. तथापि एकट्याच्या विवेकावर हा ग्रंथ सर्व भार टाकीत नाहीं. ऐलाध्यायाचा शेवट सत्संगांत आहे. संतच आपल्या वचनांनीं मनाची आसक्ति छेदितात.

शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें नाथांनींच ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली. अपपाठ काढण्यापूर्वीं तो अपपाठ आहे हें ओळखावें लागतें. चित्ताचेंही तसेंच आहे. या दोन अध्यायांचीं हस्तलिखितें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं दोरीच्या दृष्टान्तावरील ओव्यांची संख्या, क्रम व पाठभेद नोंदवून ठेवावे, अशी विनंति आहे. निवडक उताऱ्यांत हा सांधा निसटला, तर अनुतापाच्या जागीं केवळ निंदा उरते.